वैनगंगेच्या पाण्याचा पहारा

नदीकाठच्या प्रत्येक गावास दोन प्रकारचे शेजारी असतात. डाव्या-उजव्या हाताचा शेजारी डोळ्यांना दिसतो. त्याच्याशी भांडण होते, सोयरीक होते. पाण्याच्या दृष्टीने मात्र खरा शेजारी प्रवाहाच्या दिशेने असतो, एक वरच्या अंगाचा आणि दुसरा खालच्या अंगाचा. वरच्याने सोडावे ते आपण प्यावे आणि आपण सोडावे ते खालच्याने प्यावे, असा हा संबंध. पिण्याचे पाणी वरच्या पाणवठ्यावर, धुणे त्याच्या खाली आणि गुरे त्याच्याही खाली, ही आपल्या खेड्यांतील जुनी वहिवाट याच जाणिवेतून आलेली आहे. परंतु ती वहिवाट गावाच्या शिवेपाशी संपत असे. आपला सर्वांत खालचा पाणवठा हा पुढच्या गावाचा वरचा पाणवठा होय, हा विचार वस्ती विरळ असताना कोणास करावा लागला नाही. शहरे वाढली, नळ आले, पाणी शुद्ध करणारी केंद्रे उभी राहिली, आणि मग तो विचार टाळणे अशक्य झाले.

वैनगंगेचेच उदाहरण घेऊ. सिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे उगम पावलेली ही नदी प्रथम उत्तरेकडे मोठा वळसा घालते आणि मग दक्षिणेस वळून बालाघाटास येते. पुढे काही अंतर ती बालाघाट व गोंदिया या जिल्ह्यांची सीमा होते, तेथून भंडाऱ्याकडे जाते आणि शेवटी वर्धेस मिळून प्राणहिता हे नाव धारण करते. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण करण्यात आला. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा हे एकाच राज्यात होते व नागपूर ही दोघांची राजधानी होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, भंडारा मुंबई राज्यात गेला. कचेऱ्या बदलल्या, सरकारी कागदांची भाषा बदलली. नदीने मात्र आपली वाट बदलली नाही. बालाघाट शहर तिचेच पाणी पिते आणि त्याच्या खालची गोंदिया व भंडारा ही शहरेही तिचेच पितात.

अशा नदीवर जी जलशुद्धीकरण केंद्रे उभी असतात, त्यांना खरा धोका कोठून येतो, या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

पाण्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की मनात पहिल्याने येतो तो शत्रू. यात नवल नाही. शत्रूचे जलाशय दूषित करण्याचे उपाय कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहेत. वेढा घातलेल्या राजाचे पाणी नासवावे, असे मनुस्मृतीतही आहे. म्हणून पाण्यावर पहारा ठेवणे हे दुर्गरक्षणाचे अंग मानले गेले. परंतु या भयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १३४८ व १३४९ साली युरोपात प्लेगने हाहाकार उडविला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालविले, अशी आवई उठली आणि स्ट्रासबुर्गसारख्या नगरांत निरपराध माणसे जिवंत जाळण्यात आली. विहिरींत विष नव्हतेच. रोगाचे कारण कळत नाही तेथे शत्रू कल्पिला जातो, आणि कल्पिलेला शत्रू बहुधा दुबळा शेजारी असतो.

आपल्याकडे हीच चूक वेगळ्या रूपाने झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले तेव्हा पाणी बाटले म्हणून ओरड झाली आणि पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि गोमय-गोमूत्राने शुद्ध होते, असे मानणारा समाज पाण्याचा पहारा किती उलट्या दिशेने करीत होता, हे यावरून ध्यानी यावे. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क पुढे १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात कायम झाला. पाणी खरोखर कशाने बाटते, हे तोपर्यंत शास्त्राने केव्हाच सांगून ठेवले होते.

ते कसे कळले, याची सर्वांत बोलकी हकीकत जर्मनीतील आहे. एल्ब नदीच्या काठी हाम्बुर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे एकमेकांस खेटून होती. मधली सीमा काही ठिकाणी केवळ एक रस्ता होती. हाम्बुर्ग वरच्या अंगास, आल्टोना खालच्या अंगास. हाम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पीत असे. आल्टोनाच्या वाट्यास हाम्बुर्गच्या मैल्याने भरलेले पाणी येई. पण ते वाळूच्या थरांतून संथपणे गाळून घेतले जाई. १८९२ च्या उन्हाळ्याअखेर कॉलरा आला तेव्हा हाम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे दगावली. आल्टोना बहुतांशी वाचले. एकाच रस्त्याच्या एका बाजूस मृत्यू आणि दुसऱ्या बाजूस आरोग्य, असे दृश्य रॉबर्ट कॉखने नोंदविले. त्यानंतर वाळूच्या गाळणीविषयी कोणाच्या मनात किंतु राहिला नाही.

परंतु या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. १८९३ च्या हिवाळ्यात आल्टोनातच कॉलऱ्याचा लहानसा उद्रेक झाला. कडाक्याच्या थंडीने एका गाळणीचे काम बिघडले होते आणि तेवढ्या फटीतून रोग आत शिरला. वरच्या शहराची घाण अडविण्याचे सारे ओझे ज्या एका गाळणीवर टाकलेले असते, ती एक दिवस चुकली तरी पुरेसे होते.

गाळणीच्या जोडीस पुढे क्लोरीन आले. आज आपल्या बहुतेक शहरांत पद्धत एकच आहे. नदीच्या पाण्यात तुरटी घालून गढूळपणा खाली बसवावयाचा, निवळलेले पाणी वाळूतून गाळावयाचे, आणि मग त्यात क्लोरीन मिसळावयाचा. हा क्लोरीन केवळ केंद्रात नव्हे, तर शेवटच्या घराच्या नळापर्यंत थोडा शिल्लक राहिला पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम. कारण आपल्या गावांत नळाला पाणी ठरावीक वेळी येते. पुरवठा थांबला की नळातील दाब नाहीसा होतो आणि सांध्यांतून, फटींतून बाजूच्या गटाराचे पाणी आत शोषले जाते. शिल्लक क्लोरीन हा त्या वाटेवरचा शेवटचा पहारेकरी होय.

हा पहारेकरीही सर्वांना अडवू शकत नाही, हे दिल्लीने दाखविले. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटून वजीराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. केंद्रातील माणसे झोपलेली नव्हती. त्यांनी धोका ओळखला, तुरटी व क्लोरीनचे प्रमाण वाढविले. विषमज्वर किंवा अतिसार यांची साथ आली नाही. जंतू मेले होते. परंतु डिसेंबर व जानेवारीत दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली आणि गर्भवती स्त्रियांमध्ये तिने अधिक बळी घेतले. कावीळ करणारा विषाणू त्या उपचारास पुरून उरला होता. तो ‘ई’ प्रकारचा होता, हे जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून कळावयास पुढे तीन-चार दशके जावी लागली. दिल्लीचा धडा असा, की केंद्र कितीही दक्ष असले तरी ते ज्या अशुद्धतेसाठी बांधले आहे तेवढीच ते दूर करते. त्यापलीकडची घाण त्याच्या दाराशी येऊच न देणे हाच उपाय होय. हा धडा सर्वत्र मुरला असे म्हणवत नाही. २०१२ साली पंचगंगेच्या काठी इचलकरंजीत काविळीने हजारोंना गाठले, ते अशाच वाटेने.

पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली, ती नागपुरात. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, या नावाने ओळखली जाते. नागपूरकरांनी तिचा अभिमान बाळगावा असेच तिचे कार्य आहे. पण त्याच नागपुरातून नाग नदी वाहते. शहराचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले व पुष्कळसे न केलेले, ती वर्षानुवर्षे कन्हानेत नेत आली आणि कन्हान ते वैनगंगेत. पूर्वी वाहते पाणी ते पुढे तरी नेत असे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झालेले गोसीखुर्द धरण पुरे होऊन जलाशय भरू लागला, तशी त्याची तुंब भंडाऱ्यापर्यंत पोचली आणि वाहणारे पाणी साचणारे झाले. सिंचनासाठी बांधलेल्या धरणाने पिण्याच्या पाण्याचा प्रश्न बिकट केला, तो असा. भंडाऱ्याचे लोक याविषयी तक्रार करीत आले आहेत. या प्रकरणात नागपूर हे हाम्बुर्ग ठरले आणि भंडाऱ्याच्या वाट्यास आल्टोनाची जागा आली.

येथे कोणी म्हणेल, की कायदा आहे ना? आहे, पण त्याचाही इतिहास बोधप्रद आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ साली केला. संसदेचा कायदा १९७४ साली झाला. ज्या राज्यांच्या विधानमंडळांनी त्यासाठी ठराव केले होते, त्यांत मध्य प्रदेश होता. महाराष्ट्राने तो केंद्रीय कायदा १९८१ साली स्वीकारला. म्हणजे काही वर्षे वैनगंगेचे पाणी बालाघाटच्या काठाला एका कायद्याखाली व गोंदियाच्या काठाला दुसऱ्या कायद्याखाली वाहत होते. आता कायदा एक आहे. मंडळे मात्र दोन, एक भोपाळास व एक मुंबईस.

केंद्र चालविणाऱ्या माणसाचाही विचार येथे केला पाहिजे. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकर्टन या लहानशा गावी मुसळधार पावसाने गुरांच्या शेणातील जंतू विहिरीत उतरले. सात माणसे मेली आणि सुमारे २,३०० आजारी पडली. क्लोरीन पुरेसा घातला जात नव्हता आणि नोंदवहीत खोटे आकडे लिहिले जात होते, असे चौकशीत निघाले. ज्या देशात यंत्रांची वा पैशाची वाण नाही, तेथे एका वहीतील खोट्या आकड्याने हे केले. आपल्या लहान नगरपालिकांत रात्रपाळीस एकटाच बसणारा कामगार हा शहराच्या आरोग्याचा किल्लेदार असतो. त्याला शिक्षण, वेळेवर वेतन आणि खरा आकडा लिहिण्याचे अभय देणे, हा सुरक्षेवरचा खर्च समजला पाहिजे. कुंपण आणि कुलूप यांची पाळी त्यानंतर येते.

बालाघाटापुढे आणखी एक प्रश्न आहे. हा मँगनीजचा प्रदेश. भरवेलीची खाण शहराच्या लगतच आहे. विरघळलेले मँगनीज पाण्यात डोळ्यांना दिसत नाही आणि नुसत्या तुरटीने व वाळूने ते नीट निघत नाही. क्लोरीन लागला की हळूहळू ते काळे पडते आणि नळांत थर धरते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरास ०.१ मिलिग्रॅम ही त्याची इष्ट मर्यादा भारतीय मानकाने घातली आहे. गोमंतकीय वाचकांस हा विषय परका वाटणार नाही. खाणींच्या टापूतून वाहणाऱ्या नद्यांवरच ओपा आणि साळावली येथील पाणी अवलंबून आहे. खाण कोठेही असो, तिच्या खालचे केंद्र तिला ओळखून बांधले आहे काय, आणि पाण्याची तपासणी त्या द्रव्यासाठी नियमाने होते काय, हे विचारण्याचा अधिकार नळाचे पाणी पिणाऱ्या प्रत्येकास आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्हांस एकच निष्कर्ष निघतो. जलशुद्धीकरण केंद्र हा पाण्याच्या रक्षणाचा शेवटचा दरवाजा होय. त्यालाच पहिला व एकमेव समजणे हा सर्वांत मोठा धोका. बाहेरच्या शत्रूपासून सावध राहावे, पण आजवर पाण्याने जे बळी घेतले ते बहुतेक शेजाऱ्याच्या गटाराने, थांबलेल्या प्रवाहाने आणि न लिहिलेल्या वा खोट्या लिहिलेल्या आकड्याने घेतले आहेत. बालाघाटचे केंद्र सिवनीच्या अंगाने काय येते यावर डोळा ठेवते, तद्वतच बालाघाटच्या नाल्यांतून काय जाते याची खबर गोंदियास मिळावयास हवी. पुराची सूचना खालच्या गावास देण्याचे कर्तव्य आपण मान्य केले आहे. मैल्याची, क्लोरीन संपल्याची, खाणीचे पाणी सुटल्याची सूचना देणे हेही त्याच जातीचे कर्तव्य आहे. त्यासाठी मोठे धन लागत नाही. दोन राज्यांच्या केंद्रांमध्ये रोजची एक नोंद जाण्यायेण्याची व्यवस्था पुरे होईल. बालाघाट सिवनीला खालचे आहे आणि गोंदियाला वरचे. वैनगंगेच्या काठी केवळ वरचे असे एकही शहर नाही.