परराज्यातील वैद्यकीय प्रवेश : तंजावूरच्या मराठी विद्यार्थ्यांपुढील वाटा

तंजावूर : तंजावूरच्या राजवाडा परिसराला वैद्यकविद्येची जुनी परंपरा आहे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल स्थापन करून देशी व पाश्चात्त्य उपचारपद्धतींच्या अभ्यासाला आश्रय दिला. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही जतन केलेल्या आहेत. याच परिसरातील मराठी कुटुंबांतील मुलामुलींना आज डॉक्टर व्हायचे असेल, तर एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते : आपले राज्य कोणते? घरात मराठी बोलली जात असली, तरी प्रवेशाच्या नियमांनुसार ही मुले तामिळनाडूची ठरतात आणि महाराष्ट्र त्यांच्यासाठी परराज्य असते.

१५ टक्क्यांचा कोटा

एमबीबीएसचे सर्व प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणवत्ता क्रमांकावर होतात. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उर्वरित ८५ टक्के जागा संबंधित राज्य आपल्या नियमांनुसार भरते. या विभागणीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांत आहे. सर्व जागा रहिवाशांसाठीच राखून ठेवता येणार नाहीत, असे न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात स्पष्ट केले आणि १९८६ मध्ये दिनेश कुमार खटल्यात १५ टक्क्यांचे प्रमाण ठरले.

या कोट्यातील जागा प्रत्यक्षात मोजक्याच असतात. १५० जागांच्या महाविद्यालयात या कोट्याला २२ ते २३ जागा येतात. त्यांत अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५, इतर मागासवर्गीयांना २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण आहे. खुल्या प्रवर्गासाठी सरासरी नऊच जागा उरतात आणि त्यांसाठी स्पर्धा साऱ्या देशाची असते. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘नीट’ दिली.

भाषा नव्हे, रहिवास

महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी सर्वसाधारणपणे अधिवास प्रमाणपत्र, तसेच दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लागतो. मराठी मातृभाषा एवढ्याने पात्रता मिळत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातील ८६५ गावांच्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने स्वतंत्र तरतूद केली आहे. मात्र ती सीमाप्रश्नाशी जोडलेली असल्याने तंजावूरला लागू होत नाही. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते.

तंजावूरच्या विद्यार्थ्याचे घरचे दार तामिळनाडूच्या राज्य कोट्याचे आहे. सहावी ते बारावीचे शिक्षण राज्यात झाले असल्यास तेथील पात्रता सुलभ होते. या कोट्यात एकूण ६९ टक्के सामाजिक आरक्षण आहे. शिवाय सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी २०२० पासून ७.५ टक्के जागा राखीव आहेत. याउलट पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याला तंजावूरच्या सरकारी महाविद्यालयात यायचे असेल, तर त्याच्यासाठी अखिल भारतीय कोटा हाच मार्ग उरतो.

अन्य पर्याय

नागपूरसह सर्व ‘एम्स’ संस्थांतील प्रवेशासाठी रहिवासाची अट नाही. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयही देशभरातून विद्यार्थी घेते, मात्र तेथे ‘नीट’नंतर स्वतंत्र निवड चाचणी आणि पुढे लष्करी सेवेचे बंधन असते. तंजावूरला तुलनेने जवळ असलेल्या पुदुच्चेरीच्या ‘जिपमर’मध्ये काही जागा स्थानिकांसाठी राखीव असून इतर जागा सर्वांना खुल्या आहेत. अभिमत विद्यापीठांतही रहिवास सहसा आड येत नाही. तेथे अडसर असतो तो शुल्काचा.

संधी कशी जोखावी?

गुणांपेक्षा गुणवत्ता क्रमांक पाहावा, कारण प्रश्नपत्रिका अवघड-सोपी झाली की गुणांचा अर्थ बदलतो. परराज्यातील महाविद्यालयाचा विचार करताना त्याच्या अखिल भारतीय कोट्यातील, आपल्या प्रवर्गाचा, गतवर्षीच्या प्रत्येक फेरीतील शेवटचा क्रमांक तपासावा. राज्य कोट्याची यादी पाहून बांधलेला अंदाज येथे चुकतो.

कागदपत्रांतही एक खाच आहे. तामिळनाडूच्या मागासवर्गीय यादीतील जात केंद्रीय यादीत असेलच असे नाही. अखिल भारतीय कोट्यात केंद्रीय यादीनुसारचे, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रच चालते. ते नसल्यास विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो. केंद्र आणि राज्य या दोन्ही प्रवेशप्रक्रियांत नोंदणी करता येते. मात्र पुढील फेऱ्यांत एका ठिकाणी प्रवेश निश्चित केल्यावर दुसरीकडचा मार्ग बंद होऊ शकतो. त्यामुळे त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचूनच पसंतीक्रम भरावा.

पदव्युत्तर शिक्षणाचे चित्र निराळे आहे. तेथे सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात असतात. राज्य कोट्यातील रहिवासावर आधारित आरक्षणही सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घटनाबाह्य ठरवले. म्हणजेच एमबीबीएससाठी तामिळनाडूत राहिलेल्या विद्यार्थ्याला महाराष्ट्राची वाट पुढच्या टप्प्यावर अधिक रुंद झालेली मिळू शकते.