बाहुलीची साक्ष

१८१९ साली जर्मनीतील येना येथे रुंगे नावाचा एक तरुण विद्यार्थी मांजर घेऊन महाकवी गटे यांच्या भेटीस गेला. मांजराच्या एका डोळ्यात त्याने बेलाडोनाचा अर्क घातला होता. त्या डोळ्याची बाहुली विस्फारलेली आणि दुसऱ्याची मात्र नेहमीसारखी, हे पाहून कवी विस्मित झाले. औषधाचा थेंब बाहुलीवर सत्ता गाजवतो, हे तर दिसलेच. पण असाच थेंब पुढे मधुमेहाच्या एका गुप्त उपद्रवाचा साक्षीदार होणार होता.

बाहुली दोन प्रकारच्या मज्जातंतूंच्या आधीन असते. एक तिला आकुंचित करतात, दुसरे विस्फारतात. हृदय, रक्तवाहिन्या आणि जठर यांचा कारभारही अशाच, इच्छेवाचून चालणाऱ्या तंतूंकडे असतो. दीर्घकालीन मधुमेहात हे तंतू हळूहळू क्षीण होतात. मग रोग्याला उभे राहताच भोवळ येते. प्रसंगी हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत कळ उठत नाही. धोक्याची सूचना देणाराच मुका होतो.

हा मुकेपणा ओळखावा कसा? १९३९ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी एक नियम मांडला. ज्या अवयवाचे मज्जातंतू तुटतात, तो रासायनिक द्रव्यांच्या बाबतीत बधिर होत नाही; उलट अधिक हळवा होतो. पुढच्याच वर्षी ॲडलर आणि शाय यांनी नेत्ररोगात या तत्त्वाचा उपयोग केला. निरोगी बाहुली ज्याची फारशी दखल घेत नाही, अशा सौम्य मेकोलिलच्या थेंबाने तंतू गमावलेली बाहुली चटकन आकुंचन पावली.

मधुमेह्यांच्या बाहुल्या अंधारातही पुरेशा विस्फारत नाहीत, हे वैद्यांना ठाऊक होते. १९७९ साली जपानमध्ये हायाशी व इशिकावा यांनी, तर १९८३ साली इंग्लंडमध्ये स्मिथद्वयाने थेंबांच्या साहाय्याने त्यांची परीक्षा केली. विस्फारक तंतूच दुर्बल झाल्याचा पुरावा मिळाला.

तथापि ही साक्ष निखळ नाही. मधुमेहाने डोळ्याचा पारदर्शक पडदाही बिघडतो. मग औषध अधिक आत झिरपते आणि निरोगी तंतूही दोषी ठरू शकतो. म्हणूनच दीर्घ श्वास घेताना व उभे राहताना नाडीत आणि रक्तदाबात होणारे फरक मोजण्याची, एडिंबरोच्या युइंग यांनी १९७० नंतरच्या दशकात रूढ केलेली रीत अधिक सर्वमान्य झाली.

तरीही थेंबाने शिकवलेला धडा मोलाचा आहे. रोग्याला वेदना नाही, एवढ्यावरून तो निर्धोक आहे असे मानू नये. शरीराला प्रश्न विचारावा लागतो.