'आत्ता आलो'ची इंग्रजी कहाणी



वाणी "आत्ता देतो" म्हणाला की आपण निवांत ओट्यावर टेकतो. त्याचे 'आत्ता' घड्याळातले नव्हे, हे आपल्याला ठाऊक असते. इंग्रजीतही हेच झाले आहे. तिथे हजार वर्षांचे लेखन शिल्लक आहे, म्हणून शब्द कसकसा सैलावत गेला ते पाहता येते, एवढेच.

'सून' हा शब्द घ्या. घरातली सून नव्हे बरं का! आज त्याचा अर्थ 'लवकरच'. हजार वर्षांपूर्वी त्याचे रूप होते 'सोना', आणि अर्थ 'ताबडतोब'. 'अनॉन' म्हणजे मुळात 'एका झटक्यात'. पुढे त्याचेही 'थोड्या वेळाने' झाले. 'प्रेझेंटली'ची इंग्लंडात तीच गत. माणूस "लगेच येतो" म्हणतो आणि वेळ लावतो. शब्द बिचारा त्याच्या मागोमाग ढिला पडतो.

शेक्सपिअरला ही गंमत कळली होती. 'चौथा हेन्री' या नाटकाचा पहिला भाग 1598 साली छापला गेला. त्यात गुत्त्यातला फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो आणि राजपुत्राचा सोबती पलीकडच्या खोलीतून हाका मारतो. पोऱ्या दर हाकेला 'अनॉन' म्हणून ओरडतो आणि जागचा हलत नाही!

'बाय अँड बाय'ने मात्र माझीच फजिती केली. मी नुकताच शिकवू लागलो होतो. ज्यूलिएट वर उभी, खाली रोमिओ, आणि आतून दाईच्या हाका. ज्यूलिएट दाईला 'बाय अँड बाय' असे उत्तर देते. मी अर्थ सांगितला, 'मागाहून येते'. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला : "सर, दाई एवढी हाका मारतेय नि ही मागाहून येते म्हणाली, तर दाई गप्प बसेल का?" शंका रास्त होती. मी म्हणालो, "उद्या पाहून सांगतो." मोठा शब्दकोश काढला, तर त्या काळचा अर्थ 'लगेच'! पोराचे बरोबर होते. त्याला ते सांगायला मात्र तिमाही परीक्षा उलटून गेली.

ही चूक माझ्यासारख्या मास्तराचीच नव्हे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात हेरोदियाची मुलगी हेरोद राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागते, तेही 'बाय अँड बाय'. राजाने मागशील ते देण्याची शपथ घेतलेली. तिला शिर आत्ताच्या आत्ता हवे आहे. पण शब्दाचा अर्थ पालटला, आणि पुढच्या वाचकाला वाटू लागले की ती सवडीने द्या म्हणते आहे. सगळा प्रसंगच बोथट झाला. अखेर 1881 च्या सुधारित भाषांतरात पंडितांनी तो शब्द काढला आणि 'फोर्थविथ', म्हणजे ताबडतोब, हा शब्द घातला.

काही शब्दांना तर एकदा नेमके माप होते. 'मोमेंट' हा तासाचा चाळिसावा भाग, असे इंग्लंडातील बीड या साधूने 725 सालच्या कालगणनेवरील ग्रंथात नोंदवले आहे. सरासरी दीड मिनिट म्हणा. आज त्याला माप उरलेले नाही. आपली घटका चोवीस मिनिटांची. पण "घटकाभर बसा" म्हणणारा कुठे घड्याळ पाहतो?

उलट, पुन्हा पुन्हा येणाऱ्या काळाचा एक वाक्प्रचार जुना अर्थ घट्ट धरून बसला आहे. 'एव्हरी अदर डे'. मुले याचे 'प्रत्येक इतर दिवशी' करतात, आणि शिक्षक लाल शाईने फुली मारतात. पण का, ते सांगत नाहीत. जुन्या इंग्रजीत क्रमाने 'दुसरा' याला 'अदर' हाच शब्द होता. 'सेकंड' हा फ्रेंचांकडून मागाहून आलेला पाहुणा. त्याने 'अदर'ला त्या जागेवरून उठवले. या एका वाक्प्रचारात मात्र 'अदर' अजून दुसरेपण सांभाळून आहे : दर दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपले 'दिवसाआड'. औषधाच्या चिठ्ठीवर हे शब्द दिसले, तर गोळी आज घ्यायची, उद्या नाही, परवा घ्यायची. गावात चिठ्ठी वाचून दाखवायला लोक शिक्षकाकडेच येतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.