उशिरा पोहोचणाऱ्या माणसाचे दूरदर्शन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ही तारीख तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोराही ठाऊक असेल. आजचा धागा मात्र केंद्राविषयी वा मनोऱ्याविषयी नाही. तो आहे अशा एका माणसाविषयी, जो पडद्यावर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा दादरच्या फलाटावर उभा होता.

बँकेतला अधिकारी, विमा कंपनीतला कारकून, वर्तमानपत्रातला उपसंपादक, दवाखाना रात्री नऊला बंद करणारा डॉक्टर, शाळेतून सुटून शिकवण्या घेणाऱ्या बाई. दूरदर्शनचा इतिहास लिहिताना आपण ज्यांनी पाहिले त्यांच्या आठवणी गोळा करतो. ज्यांना पाहायला मिळाले नाही त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. आणि त्या काळातल्या नोकरदारांत अशांची संख्या लहान नव्हती.

आधी त्या काळाचे स्वरूप नीट समजून घेऊ. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. त्या सुरुवातीच्या काळात पु. ल. देशपांडे तेथे कार्यरत होते, हे मराठी वाचकाला सांगायला हवेच. दैनंदिन प्रक्षेपण मात्र १९६५ मध्ये सुरू झाले. मुंबईला तेरा वर्षे वाट पाहावी लागली आणि जे मिळाले ते होते एकच वाहिनी, कृष्णधवल चित्र आणि मुख्यतः सायंकाळचे काही तास. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागे, संपे आणि बहुधा पुन्हा दिसत नसे. थांबवण्याची, मागे नेण्याची, उद्या पाहू म्हणण्याची सोय नव्हती.

मुंबईच्या चाकरमान्याचे आयुष्य तोवर एकाच वेळापत्रकावर चालत आले होते. ते होते लोकलचे. आता त्याच्या आयुष्यात दुसरे वेळापत्रक शिरले आणि या दोहोंचे कधी जमले नाही. कचेरी फोर्टात, घर डोंबिवलीत किंवा बोरिवलीत. साहेबाने पावणेसहाला एक फाईल पुढे सरकवली की सहाची जलद गाडी गेली आणि गाडी गेली की गुरुवारचे ‘छायागीत’ धोक्यात आले. घरी पोहोचून चपला काढेपर्यंत शेवटचे गाणे चालू असे. मुले उत्साहाने सांगत, ‘बाबा, आज काय सुंदर गाणी लावली होती!’ यात क्रौर्य नव्हते, पण बाबांना ते लागत असणार.

म्हणूनच ‘साप्ताहिकी’ या कार्यक्रमाचे महत्त्व आज समजावून सांगावे लागते. पुढील आठवड्यात काय दाखवले जाणार, एवढेच त्यात सांगितले जाई. कार्यक्रमांची माहिती देणारा कार्यक्रम! पण घरोघरी लोक तो मन लावून पाहत. ज्याला आठवड्यातून एक-दोन सायंकाळीच लवकर घरी येणे शक्य होते, त्याच्यासाठी हे नियोजन होते. कोणत्या दिवशी साहेबाची मनधरणी करायची आणि कोणत्या दिवशी उशीर झाला तरी चालेल, हे त्यावर ठरे.

सत्ताधाऱ्यांनाही ही सवय ठाऊक होती. ६ फेब्रुवारी १९७७ हा रविवार होता. निवडणुका जाहीर झाल्या होत्या, जगजीवन राम यांनी चारच दिवसांपूर्वी काँग्रेस सोडली होती आणि दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची प्रचंड सभा ठरली होती. त्या सायंकाळी दिल्ली दूरदर्शनवर ‘बॉबी’ हा चित्रपट दाखवण्यात आला. लोकांनी घरी बसावे हा त्यामागील हेतू कोणापासून लपला नाही. लोक घरी बसले नाहीत आणि बाबूजींनी ‘बॉबी’ला हरवले अशा आशयाचा मथळा दुसऱ्या दिवशी झळकला. एखादी सवय राजकीय हत्यार म्हणून वापरावी इतकी पक्की व्हायला किती वर्षे लागतात? दिल्लीत दैनंदिन प्रक्षेपण सुरू होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती.

असो. आपण पुन्हा मुंबईकडे वळू, कारण गाडी वेळेवर पकडून घरी पोहोचलेल्या माणसाच्या अडचणी तेथेच संपत नव्हत्या. त्यानंतर सुरू होई अँटेनाचे प्रकरण.

गच्चीवरची ती अॅल्युमिनियमच्या दांड्यांची रचना म्हणजे ‘यागी-उदा’ अँटेना. जपानमधील तोहोकु विद्यापीठातले शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती जगापुढे मांडली. तिचे सारे सामर्थ्य एका दिशेकडे पाहण्यात आहे. वरळीकडे रोखलेली असेल तर चित्र स्वच्छ. वाऱ्याने, पतंगाच्या मांज्याने किंवा एखाद्या वजनदार कावळ्याने ती थोडी फिरवली की पडद्यावर मुंग्या. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक पडद्यासमोर अशी साखळी उभी राही.

‘आलं का?’
‘नाही!’
‘आता?’
‘आलं होतं, गेलं! दादा, जरा मागे घ्या!’

शेजारचे काका याच वेळी आपल्या खिडकीतून ओरडत, कारण दादांचा हात त्यांच्या अँटेनाला लागलेला असे.

याहून चमत्कारिक म्हणजे दुहेरी चित्र. एकाच निवेदिकेच्या दोन आकृती दिसत, दुसरी फिकट आणि नेहमी थोडी उजवीकडे सरकलेली. उजवीकडेच का? उत्तर सोपे आणि सुंदर आहे. पडद्यावरील चित्र ६२५ आडव्या रेषांनी बने आणि प्रत्येक रेषा डावीकडून उजवीकडे रेखली जाई. दिसणारी एक रेषा रेखायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागत. मनोऱ्याकडून थेट आलेली लहर आधी पोहोचे. एखाद्या उंच इमारतीवर आदळून आलेली लहर लांबून आल्यामुळे मागाहून. ३०० मीटरचा वळसा म्हणजे एक मायक्रोसेकंदाचा उशीर. वीस इंची पडद्याची रुंदी साधारण ४० सेंटीमीटर, म्हणजे या उशिराने दुसरी आकृती जवळपास ८ मिलिमीटर उजवीकडे उमटणार. शहर उंच होत गेले तसे पडद्यावरचे हे जुळे वाढत गेले. पट्टी घेऊन पडद्यापुढे बसले असते, तर लहरीला किती लांबचा वळसा पडला हे घरबसल्या मोजता आले असते. बाबांप्रमाणे लहरही उशिरा घरी पोहोचत होती म्हणा ना.

पुणेकरांचा प्रश्न निराळा होता. ३०० मीटर उंचीवरून निघालेली लहर क्षितिजापर्यंत साधारण ७० किलोमीटर जाऊ शकते. पुणे त्यापलीकडे आणि मध्ये सह्याद्री उभा. म्हणून सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभारावे लागले. गडावर गेलात की तो मनोरा दिसतोच. पुण्याच्या बैठकीच्या खोल्यांत मुंबईचे कार्यक्रम त्याच्यामार्फत पोहोचले.

आणि सारे काही जुळून आले, गाडी मिळाली, अँटेना स्थिर, चित्र स्वच्छ, तरी एक पाटी पडद्यावर येऊ शके: ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. हिंदी कार्यक्रमात तिची बहीण, ‘रुकावट के लिए खेद है’. व्यत्यय किती वेळ टिकेल हे कोणी सांगत नसे, त्यामुळे उठून जाण्याची हिंमत होत नसे. माणसे त्या स्थिर पाटीकडे तिष्ठत बसत. फलाटावर बसत तशीच.

इथपर्यंतची गोष्ट मौजेची वाटली असेल. तिचा दुसरा भाग तितका मौजेचा नाही.

नोकरी करणाऱ्या स्त्रिया १९७० च्या दशकातील मुंबईत नवलाच्या राहिल्या नव्हत्या. टेलिफोन खाते, बँका, शाळा, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या येथे त्या मोठ्या संख्येने होत्या. बाबा उशिरा आले तरी हात-पाय धुऊन बाहेरच्या खोलीत बसत. आई त्याच गाडीने, कदाचित आधीच्या गाडीने येई आणि थेट स्वयंपाकघरात जाई. संच असे बाहेरच्या खोलीत, बहुधा सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत, वर विणलेला रुमाल. तिच्या वाट्याला येई तो आवाज. तिने ‘गजरा’ ऐकला. ‘चिमणराव’ ऐकला. विनोद झाला की बाहेर हशा उठे आणि ती पोळी तव्यावर ठेवून दारापर्यंत येई. तोवर प्रसंग बदललेला असे.

दूरदर्शनच्या प्रारंभीच्या काळातील प्रेक्षकांविषयी आपण बोलतो तेव्हा या श्रोत्यांना विसरतो. एकाच घरात, एकाच वेळी, एकच कार्यक्रम दोन निरनिराळ्या माध्यमांतून पोहोचत होता. बाहेर दूरचित्रवाणी, आत आकाशवाणी.

मग तिला कथा कळे ती दुसऱ्या दिवशी, लोकलच्या महिलांच्या डब्यात. भाजी निवडता निवडता कोणी तरी कालचा भाग सांगे. जिची सासू स्वयंपाक करी किंवा जिचे घर स्थानकाला लागून होते ती. कथा सांगणारी रंगवून सांगे, मधले विसरलेले स्वतःच भरून काढी. १९८४ च्या जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हा ही डब्यातली कथनपरंपरा चांगलीच रुळलेली होती. माझा असा तर्क आहे की भारतातल्या पहिल्या दीर्घ मालिकेचा मोठा प्रेक्षकवर्ग प्रत्यक्षात ती पाहत नव्हता, ऐकत होता. तर्कच आहे, ज्यांनी पाहिले नाही त्यांची शिरगणती कोण करणार?

यातली विसंगती अशी की पडद्यावर जे दिसत होते ते बहुतांशी याच माणसांचे आयुष्य होते. चिं. वि. जोशींचा चिमणराव, ज्याला दिलीप प्रभावळकरांनी पडद्यावर उभे केले, हा धांदरटपणाने साध्या कामांचा विचका करणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. १९८५ मध्ये प्रिया तेंडुलकरांची ‘रजनी’ आली. तिची भांडणे टॅक्सीवाल्याशी, गॅसवाल्याशी, रोजच्या अडवणुकीशी. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागळे की दुनिया’ आली, अंजन श्रीवास्तव त्यात विक्री विभागातला साधा कारकून झाले. छोट्या माणसाच्या छोट्या फजित्या. ज्याची फजिती पडद्यावर चालली होती तो मात्र अनेकदा कल्याणच्या अलीकडे सिग्नलला अडकलेला असे.

सुटका करू शकणारे यंत्र आले ते १९८२ नंतर. त्या वर्षी १५ ऑगस्टला रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ भरले आणि त्या सुमारास व्हीसीआरही शहरी घरांत शिरू लागला. वेळ लावून ठेवली की मालक कचेरीत असतानाही कार्यक्रम फितीवर उतरवणारे हे यंत्र खरे तर उशिरा येणाऱ्या माणसासाठीच होते. पण त्याची किंमत त्या माणसाच्या आवाक्याबाहेर होती. ज्यांना परवडले त्यांनी त्यावर प्रामुख्याने भाड्याच्या चित्रफिती पाहिल्या. चाकरमान्यांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणला आणि तीन चित्रपट सलग पाहिले; सकाळी सातची गाडी होतीच.

‘रामायण’ने एक गोष्ट वेगळी केली, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. २५ जानेवारी १९८७ पासून ते रविवारी सकाळी साडेनऊला दिसू लागले. कचेऱ्या बंद. सायंकाळच्या पडद्यापासून वंचित राहिलेला नोकरदार प्रथमच संपूर्ण कुटुंबासह, वेळेवर, आरंभापासून बसला. ओस पडलेल्या रस्त्यांचे श्रेय श्रद्धेला दिले जाते आणि ते योग्यच आहे. थोडे श्रेय मात्र साडेनऊ या वेळेलाही द्यायला हवे. अर्थात तेव्हाही परिचारिका, बसवाहक, मोटरमन कामावर होतेच.

पुढचा काळ तुम्हाला अधिक परिचित आहे. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली आणि रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवण्याची प्रथा रूढ झाली. ‘आभाळमाया’ची नायिका स्वतः प्राध्यापिका होती. त्याच्या दोन वर्षे आधी दूरदर्शनवर ‘दामिनी’ आली होती, पत्रकार स्त्रीची कथा. ती दाखवली जाई दुपारी, जेव्हा खऱ्या पत्रकार स्त्रिया कचेरीत असत.

आता मूळ नुकसानीकडे येऊ. चुकलेला कार्यक्रम आज शोधून पाहावा, तर तो असेलच असे नाही. चित्रफिती महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जात. काही कार्यक्रम थेटच जात. हा दोष केवळ आपला नव्हे, बीबीसीनेही १९६० च्या दशकातले ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग असेच गमावले. परंतु परिणाम असा की मुंबई केंद्राच्या पहिल्या दशकातील बरेच काही आता केवळ पाहणाऱ्यांच्या स्मरणात आहे. ज्या आईने स्वयंपाकघरातून ‘गजरा’तली एखादी नाटिका ऐकली आणि दारापर्यंत येऊन पाहू शकली नाही, ती नाटिका तिने कधीच पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही.

तेव्हा एक विनंती. आजी-आजोबांना, मावशीला, शेजारच्या निवृत्त काकांना ‘तुम्ही काय पाहिलंत’ हे आपण नेहमी विचारतो. या वेळी ‘काय चुकलं आणि कशामुळे चुकलं’ हे विचारा. गाडीची वेळ, कचेरीचे ठिकाण, संच कोणाच्या घरी होता, दुसऱ्या दिवशी गोष्ट कोणी सांगितली, हे सारे लिहून घ्या आणि या धाग्याखाली जोडा. वर्ष नक्की आठवत नसेल तर तेव्हा घरात कोण कितवीत होते ते विचारा. त्यावरून वर्ष काढता येते.