'गुप्तरोगा'ने दिलेला पुरावा

१/ १० डिसेंबर १९८१. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डॉ. फ्रेडरिक सीगल व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील चार समलिंगी पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या गुदद्वाराभोवती हर्पिसचे व्रण होते आणि ते भरून येत नव्हते.

२/ हर्पिसचा विषाणू मज्जातंतूंत आयुष्यभर दडून राहतो. शाबूत प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. तो अनावर झाला, म्हणजे ती ढासळली होती. 'एड्स' हे नाव तेव्हा रूढ व्हायचे होते.

३/ याची दुसरी बाजू पुण्यात दिसली. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ची. शहरातील गुप्तरोग दवाखान्यांतील रुग्णांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला : नुकताच जननांगाच्या हर्पिसचा संसर्ग झालेल्यांना एचआयव्हीचा धोका अधिक असतो.

४/ म्हणजे एचआयव्हीमुळे हर्पिस बळावतो आणि हर्पिस एचआयव्हीला वाट करून देतो.

५/ आपण या आजारांना 'गुप्त' म्हणतो. पण हे ज्ञान हाती आले, ते रुग्णांनी संकोच सोडून डॉक्टरांना व्रण दाखवले म्हणून. आज असायक्लोव्हिर आहे आणि २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते. न भरणारा व्रण लपवू नये. एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी.