रॉकेट एंजिनांतील ठिणगी प्रज्वलन

रॉकेट एंजिनांतील ठिणगी प्रज्वलन : रॉकेट एंजिनाच्या ज्वलन कोठीत आलेले इंधन व ऑक्सिडीकारक विद्युत् ठिणगीच्या साहाय्याने पेटविण्याची पद्धती. मोटारगाडीच्या पेट्रोल एंजिनात ही क्रिया दर मिनिटास हजारो वेळा घडते व एखादी ठिणगी चुकली, तरी गाडी थांबत नाही. रॉकेटात प्रज्वलन एका उड्डाणात एकदोनदाच करावयाचे असते. मात्र ते चुकल्यास सर्व मोहीमच वाया जाते.

पार्श्वभूमी : एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये आपल्या वायू एंजिनात प्रवर्तन वेटोळ्यापासून मिळणारी ठिणगी वापरली. १९०२ मध्ये जर्मनीतील बॉश कारखान्यात गोटलोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडावयाची ठिणगी गुडदी म्हणजे स्पार्क प्लग सिद्ध केला आणि ही पद्धती वाहनांत रूढ झाली. पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवडपासून चाकण व निघोजेपर्यंत पसरलेला वाहन उद्योग या परंपरेतीलच आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या बजाज पल्सर मोटारसायकलीत २००३ पासून एका सिलिंडरास दोन ठिणगी गुडद्या बसविण्यात येऊ लागल्या. तेथे दुसऱ्या ठिणगीचा हेतू ज्वलन जलद व पूर्ण व्हावे हा असतो. रॉकेटात मात्र एक निकामी झाल्यास दुसरी उपयोगी पडावी, हा असतो.

इतर पद्धती : काही द्रव्ये परस्परांशी संपर्क येताच पेटतात, त्यांना प्रज्वालक लागत नाही. मुंबईतील विक्रोळी येथे गोदरेज उद्योगसमूहात तयार होणारे विकास एंजिन या प्रकारचे आहे. परंतु द्रव हायड्रोजन (−२५३° से.) व द्रव ऑक्सिजन (−१८३° से.) आपोआप पेटत नाहीत. त्यांच्यासाठी स्फोटक द्रव्याची लहान नळकांडी वापरता येते. पण ती एकदाच जळते. एंजिन अवकाशात पुन्हा चालू करावयाचे असल्यास ठिणगी अधिक सोयीची ठरते.

विकास : हायड्रोजन व हवा यांचे योग्य मिश्रण पेटविण्यास सुमारे ०·०२ मिलिजूल इतकी अल्प ऊर्जा पुरते. खरी अडचण ठिणगीपाशी योग्य मिश्रण पोहोचविण्याची असते. अमेरिकेच्या आरएल-१० एंजिनाच्या आडव्या स्थितीतील चाचण्या यशस्वी झाल्या होत्या. परंतु १९६०-६१ मध्ये उभ्या स्थितीत स्फोट झाले. गुरुत्वाकर्षणामुळे प्रज्वालकाजवळील मिश्रणाचे प्रमाण बदलत होते. प्रज्वालकास ऑक्सिजनाचा स्वतंत्र पुरवठा केल्यावर हा दोष दूर झाला. २७ नोव्हेंबर १९६३ रोजी या एंजिनांवर चालणाऱ्या सेंटॉर टप्प्याचे उड्डाण यशस्वी झाले.

सॅटर्न-५ रॉकेटाच्या जे-२ एंजिनात ठिणगीने प्रथम एक लहान ज्योत पेटे व ती मुख्य कोठी पेटवी. ४ एप्रिल १९६८ रोजी अपोलो-६ च्या उड्डाणात या ज्योतीस इंधन पुरविणारी नळी फुटली. परिणामी दुसऱ्या टप्प्याचे एक एंजिन बंद पडले व तिसऱ्या टप्प्याचे एंजिन पुन्हा चालू झाले नाही. जमिनीवरील चाचण्यांत नळीच्या लवचिक भागावर गोठणारी हवा त्याची कंपने शमवीत असे. निर्वातात हे संरक्षण नव्हते. लवचिक भाग काढून बाकदार नळी बसविल्यावर डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ चंद्राकडे रवाना होऊ शकले.

रचना : प्रज्वालकाची विद्युत् पेटी अल्प दाबाचे उच्च दाबात रूपांतर करते. फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखविल्याप्रमाणे ठिणगी पडण्यास लागणारा विद्युत् दाब हा वायूचा दाब व अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. विरळ हवेत लांब तारेच्या सांध्यांतून विद्युत् निसटते व ठिणगी गुडदीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून पेटी हवाबंद करून किंवा राळेने भरून ती गुडदीवरच बसविणे हितावह ठरते. त्यामुळे तार टळते व वजनही घटते. रचना आटोपशीर करण्यामागे ही दोन्ही कारणे आहेत. १९८१ ते २०११ या काळात वापरलेल्या अवकाश विमानांच्या प्रत्येक मुख्य एंजिनात तीन प्रज्वालक व प्रत्येकात दोन ठिणगी गुडद्या असत.

भारतातील स्थिती : १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ१० च्या शीतजनिक टप्प्यातील हायड्रोजन टाकीचा दाब झडपेच्या गळतीमुळे घटला, एंजिन पेटले नाही व ईओएस-०३ उपग्रह गमावला. दोष प्रज्वालकाचा नव्हता. केवळ प्रज्वालक निर्दोष असून भागत नाही, हे त्यावरून दिसते. अवकाशात एंजिन पुन्हा पेटविता यावे, या दृष्टीने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी महेंद्रगिरी येथे निर्वात स्थितीत सीई-२० एंजिनाच्या बहुघटकी प्रज्वालकाची यशस्वी चाचणी झाली. तीत तीन घटकांपैकी एकच चेतविण्यात आला व उरलेल्या दोहोंची स्थिती तपासण्यात आली. एकदाच जळणारी नळकांडी, अनेक घटक किंवा ठिणगी यांतील निवड एंजिन किती वेळा पेटवावयाचे आहे, यावर अवलंबून असते.