जागल्या, माग आणि सायरन : नांदेड-लातूर परिसरातील राखणदारीचा इतिहास
मोटारीतील चोरीरोधक यंत्रणेला तीन कामे करावी लागतात : चोराची चाहूल घेणे, त्याला अडवणे आणि तो निसटलाच तर त्याचा माग काढणे. ही तिन्ही कामे नांदेड-लातूर परिसरातील जुन्या गावगाड्यात माणसांकडे वाटून दिलेली होती. गावकूस, म्हणजे गावाभोवतीची तटबंदी, आणि तिच्यातील रात्री बंद होणारी वेस यांमुळे येणाऱ्याला ठरावीक वाटेनेच यावे लागे. त्या वाटेवर वेसकर बसे, तर आत जागल्या गस्त घाली आणि आलेल्या परक्याची खबर पाटलाला देई.

ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरील १८१९ च्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन केले आहे, आणि नांदेड-लातूरचा मुलूख त्या वेळी निजामाच्या अमलाखाली असला तरी येथील गावगाडा त्याच घडणीचा होता. चोरी झाल्यावर राखणदार पावलांच्या ठशांवरून माग काढत शिवेपर्यंत जाई आणि तो पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करी. तेथून पुढे शोधाची जबाबदारी त्या गावाची होई. पहिला स्पष्ट ठसा काडीने मोजून घेत आणि वाऱ्याने किंवा गुरांच्या पायांनी तो मोडू नये म्हणून टोपल्याखाली झाकून ठेवत, कारण पुढच्या शिवेवर तोच पुरावा असे. या व्यवस्थेचे खरे बळ धोक्याची सूचना आणि उत्तरदायित्व यांच्या सांगडीत होते : हाक ऐकणाऱ्याला ती टाळता येत नसे.

मात्र ही सांगड कोणाच्या झोपेवर उभी होती, हे विसरून तिची थोरवी गाता येणार नाही. वेशीवरचे जागरण बहुतेक गावांत महार समाजावर वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत सेवेच्या, नावाखाली लादलेले होते आणि मोबदला बलुत्याच्या धान्याचा व मागून आणलेल्या भाकरीचा असे. याच वतनी बंधनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ याने पोलीस पाटलाचे पद कायद्याच्या चौकटीत आणले आणि जन्माने ठरणाऱ्या राखणदारीची जागा नेमणुकीने घेतली.

मोटारीत चाहूल घेण्याचे काम संवेदक करतात, म्हणजे दार उघडल्याची, काच फुटल्याची किंवा धक्का बसल्याची नोंद घेणारे लहान भाग. त्यांचा संकेत नियंत्रण पेटीकडे जातो आणि ती सायरन व दिवे चालू करते. धक्क्याच्या संवेदकाला चोराचा हात आणि शेजारून गेलेल्या मालट्रकचा हादरा यांतला फरक नेहमीच कळत नाही. लातूरच्या गंजगोलाईसारख्या, सोळा रस्ते एकत्र येणाऱ्या गजबजलेल्या ठिकाणी ही अडचण किती मोठी ठरेल याची कल्पना करता येते. वारंवार खोटा वाजणारा सायरन लोक ऐकेनासे होतात, आणि खरा वाजला तरी धावून येण्याचे बंधन कोणावरच नसते. म्हणूनच आवाजापेक्षा इमोबिलायझर अधिक भरवशाचा ठरला. यात चावीतील बारीक चिप आपला सांकेतिक क्रमांक इग्निशनजवळच्या वेटोळ्यातून गाडीला कळवते आणि तो जुळला नाही, तर इंजिनाला इंधन किंवा ठिणगी मिळत नाही. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा केला.

मागाचे काम आता उपग्रहाधारित स्थाननिदर्शकाकडे आले असून भारतात २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांच्या बहुतेक प्रकारांत तो बसवण्याचा नियम झाला. शिवेवर थांबून माग दुसऱ्याच्या हाती देण्याची गरज या यंत्राला नाही. हाकेला ओ देणारी माणसे मात्र यंत्रातून मिळत नाहीत, आणि ही उणीव महाराष्ट्रातील अनेक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणेतून भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे : संकटात सापडलेल्याने एका क्रमांकावर फोन केला की त्याच्याच आवाजातला निरोप गावातील नोंदणी केलेल्या सर्व फोनांवर एकाच वेळी जातो, आणि जागे होण्याचा भार कोणा एका समाजावर न पडता साऱ्या गावावर पडतो.